इंग्लंडांतील हिंवाळी सहली

आपल्याकडे सहल म्हटली कीं हिंवाळाच आठवतो. पावसाचा चिखल वाळलेला असतो, उन्हाचा ताप अद्याप सुरू झालेला नसतो, शेतांत हुरडा तयार होत असतो, आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कोणत्याही रविवारीं मुलें बरोबर घेऊन एखाद्या गडावर जावें असें वाटतें. इंग्लंडची गोष्ट नेमकी याच्या उलट असावी, अशी आपली समजूत असते. तेथील हिंवाळा म्हणजे धुकें, काळोख, शेगडीजवळची खुर्ची आणि बंद खिडक्या, हें चित्र आपण पुस्तकांतून उचललेलें आहे. तें खोटें नाहीं. परंतु अपुरें आहे. त्या देशांतील कांहीं अत्यंत रमणीय सहली अशा आहेत कीं त्या फक्त हिंवाळ्यांतच घडूं शकतात. उन्हाळ्यांत त्याच ठिकाणीं गेलेल्या मनुष्यास रिकामी वाळू आणि चिखल यांखेरीज फारसें कांहीं दिसावयाचें नाहीं. असें कां व्हावें, हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम दिवसाचा हिशेब पाहूं. लंडन शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेएक्कावन्न अंशांवर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास मुंबईस दिवस ११ तासांचा असतो. लंडनास तो ८ तासांहूनही थोडा कमी भरतो. सकाळीं आठ वाजून गेल्यावर तेथें सूर्य उगवतो आणि चार वाजण्यापूर्वींच मावळतो. भर मध्यान्हींही तो क्षितिजापासून अवघा १५ अंश वर चढतो. म्हणजे त्या दिवसांत आपल्याकडे सूर्यास्तास सव्वा तास उरला असतां तो जेथें दिसतो, तेथेंच. त्यामुळें दिवसभर सावल्या लांब पडतात आणि ऊन आलेंच तर तें संध्याकाळच्या उन्हासारखें पिवळसर असतें. सहलीस निघणारा मनुष्य प्रथम घड्याळ पाहतो. सकाळीं तासभर आळस केला तर दिवसाचा आठवा हिस्सा गेला असें समजावें.

आतां थंडीविषयीं. इंग्लंडच्याच अक्षांशावर, अटलांटिक महासागराच्या पलीकडच्या तीरास, लॅब्रडॉरचा प्रदेश आहे. तेथें हिंवाळ्यांत समुद्रही गोठतो. इंग्लंडचा समुद्र गोठत नाहीं. जानेवारी महिन्यांतही तेथें दुपारचें उष्णतामान बहुधा ७-८ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढतें. याचें कारण असें कीं, त्या बेटावरून वाहणारे पश्चिमेचे वारे अटलांटिकच्या ऊबदार पाण्यावरून येतात. आपणांस हुडहुडी भरेल असा हा हिंवाळा आइसलंड, ग्रीनलंड किंवा सैबेरिया येथील पांखरांस मात्र सुखाचा वाटतो. चिखल गोठत नाहीं, म्हणून त्यांतील किडे व शिंपले चोंचीस मिळत राहतात. हिंवाळा लागतांच आपल्या अंगणांत धोबी शेंपटी हालवीत फिरूं लागतो, पैठणजवळील नाथसागरावर हिमालयापलीकडचे पट्टकादंब उतरतात. त्यांच्या येण्याचें जें कारण, तेंच या उत्तरेकडील पांखरांच्याही येण्याचें. आपल्या दृष्टीनें जो देश थंड, तोच दुसऱ्या कोणाचा तरी उबारा असतो, ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील हकीकत सहज समजेल.

या पाहुण्यांचें मोठें बिऱ्हाड पूर्व किनाऱ्यावर ‘वॉश’ नांवाच्या उथळ व विस्तीर्ण उपसागरांत पडतें. नॉरफोक परगण्यांत याच्या कांठीं स्नेटिशम नांवाचें खेडें असून तेथें पक्षिसंरक्षणाच्या राजमान्य संस्थेनें (ही संस्था १८८९ सालीं निघाली) पांखरांसाठीं जागा राखून ठेविली आहे. कोंकणांतल्या वाचकांस भरती-ओहोटी शिकवावयास नको. उधाण कोणतें व भांग कोणता हें त्यांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. वॉशमध्यें उधाणाच्या वेळीं भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यांत सुमारें २० फुटांचा फरक पडतो. ओहोटीस मैलच्या मैल चिखल उघडा होतो आणि त्यावर नॉट नांवाचीं करडीं पांखरें हजारोंनीं चरत असतात. परंतु तीं इतकीं दूर व इतकीं पसरलेलीं असतात कीं नुसत्या डोळ्यांस ठिपकेच दिसावे. उधाणाचें पाणी चढूं लागलें म्हणजे हा चिखल इंचाइंचानें बुडत जातो. पांखरें मागें सरतात, एकमेकांजवळ येतात, दाटी करतात. शेवटीं पाय ठेवण्यासही जागा उरत नाहीं, तेव्हां सर्व थवा एकदम उठतो. हजारों पंखांचा सळसळाट डोक्यावरून जातो. थवा वळला कीं पांढरा दिसतो, पुन्हां वळला कीं काळा. आणि मग किनाऱ्यामागील तळ्यांच्या कांठीं तो दाटीवाटीनें उतरून पाणी ओसरण्याची वाट पाहत बसतो. भांगाच्या दिवसांत गेलेल्यास यांतलें कांहींएक दिसत नाहीं, कारण त्या वेळीं चिखल पुरता बुडतच नाहीं.

याच किनाऱ्यावर पहांटे दुसरा देखावा असतो. आइसलंड व ग्रीनलंडहून आलेले गुलाबी पायांचे रानहंस कोल्ह्याच्या भयानें रात्र दूरच्या वाळवंटांवर काढतात आणि उजाडतांना रांगा धरून, ओरडत, आंतल्या शेतांकडे उडतात. तेथें साखरेच्या बीटाचें पीक काढल्यावर पडून राहिलेला पाला व कंदांचे तुकडे हें त्यांचें अन्न. पौर्णिमेच्या सुमारास मात्र ते चांदण्यांतच चरावयास जातात, आणि मग पहांटे वाट पाहणाऱ्याची फसगत होते. उधाण पौर्णिमेस व अमावास्येस, दोन्ही वेळां येतें; तेव्हां नॉटांचें उड्डाण आणि हंसांच्या रांगा हीं दोन्ही एकाच सकाळीं पाहण्याची ज्यास इच्छा असेल त्यानें अमावास्येच्या आसपासचा दिवस निवडावा. पंचांग पाहून सहलीस निघण्याची गरज इंग्लंडांतही पडते, याची आम्हांस मौज वाटते. तेथें पंचांगाऐवजीं भरती-ओहोटीचें कोष्टक असतें, इतकेंच.

वॉशच्या उत्तरेस, लिंकनशायरच्या किनाऱ्यावर डोना नूक म्हणून एक जागा आहे. पाहुण्यांप्रमाणें घरचींही कांहीं मंडळी हिंवाळ्यांतच दर्शन देतात, त्यांपैकीं येथील करडे सील होत. जगांतील करड्या सीलांपैकीं तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ब्रिटनच्या आसपास राहतात. एरवीं हे प्राणी समुद्रांत असतात. आक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत माद्या वाळूवर येऊन वितात. अलीकडील वर्षांत डोना नूक येथें प्रत्येक हंगामांत दोन हजारांहून अधिक पिलें जन्मास आलीं आहेत. पिलूं जन्मतांना सुमारें १४ किलो वजनाचें असून त्याच्या अंगावर लांब पांढरी लव असते. ही लव पाण्यांत निरुपयोगी. ती गळून दुसरी येईपर्यंत पिलाचें स्थान जमिनीवरच. आईच्या दुधांत निम्म्याहून अधिक स्निग्धांश असतो. (आपल्या म्हशीच्या दुधांत तो शेंकडा सातच्या सुमारास असतो, हें लक्षांत घेतां त्याचा दाटपणा कळेल.) या दुधावर पिलाचें वजन तीन आठवड्यांच्या आंत तिप्पट होतें. तेवढा काळ आई स्वतः कांहीं खात नाहीं. वाळूवर पडून राहून ती आपल्या चरबीचें दूध करून पाजते, आणि मग एके दिवशीं पिलास तेथेंच सोडून समुद्रांत निघून जाते. पुढें पोहावें कसें व मासा धरावा कसा, हें पिलानें आपल्या भुकेपासून शिकावयाचें.

हें सर्व पाहण्यासाठीं वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशीं कुंपण घातलेलें असून प्रेक्षकांनीं त्याच्या अलीकडे राहावयाचें असतें. कित्येकदां सील कुंपणाला टेकूनच निजलेला असतो. तरीही हात पुढें करावयाचा नाहीं, हा तेथील पहिला नियम. पिलाच्या अंगास माणसाचा वास लागला तर आई त्यास ओळखीनाशी होण्याचा संभव असतो, आणि जी आई पिलास टाकून जाते ती परत येईलच असें नाहीं. दुधावांचून तें पिलूं मरतें. नवल असें कीं, या जागेजवळच विमानदलाचें बॉम्बफेकीच्या सरावाचें मैदान आहे, आणि डोक्यावरून घोंघावणाऱ्या विमानांची या प्राण्यांस संवय झालेली आहे. पायीं चालत जवळ येणाऱ्या माणसाची मात्र होत नाहीं. या प्राण्यांस पूर्वीं कातड्यासाठीं व तेलासाठीं मारीत. १९१४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें कायदा करून वीण्याच्या हंगामांत त्यांची शिकार बंद केली. ज्या कुंपणाची प्रेक्षकास अडचण वाटते त्यामागें इतका इतिहास आहे.

माणसापासून जपलें तरी समुद्रापासून जपतां येत नाहीं. ५ डिसेंबर १९१३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ५ डिसेंबर २०१३ च्या रात्रीं उत्तर समुद्राचें पाणी वादळानें फुगून पूर्व किनाऱ्यावर चढलें. तो वीण्याचा ऐन हंगाम होता, आणि डोना नूक व नॉरफोकमधील हॉर्सी येथें पुष्कळ पिलांची व आयांची ताटातूट झाली. याच किनाऱ्यावर १९५३ च्या ३१ जानेवारीस असेंच पाणी चढून इंग्लंडांत ३०७ माणसें मृत्युमुखीं पडलीं होतीं. हिंवाळ्यांतील समुद्र शांत दिसला तरी तेथील लोक त्याकडे पाठ करून उभे राहत नाहींत, तें उगीच नव्हे.

आतां देशाच्या दुसऱ्या टोंकास, दक्षिणेकडे डॉर्सेट परगण्यांत येऊं. लाइम रीजिस व चारमथ या दोन गांवांमधील कडे काळसर मातकट दगडाचे असून ते सुमारें १९ ते २० कोटी वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशीं सांचलेल्या गाळाचे झालेले आहेत. त्यांत त्या काळच्या प्राण्यांचे अवशेष दगडरूपानें सांपडतात. हे जमविण्याचा हंगामही हिंवाळाच. पावसानें कडे भिजतात व ढांसळतात. वादळी लाटा तो चिखल धुवून नेतात. आणि जड दगड वाळूवर उरतात. म्हणून वादळाच्या दुसऱ्या दिवशीं मुलें, म्हातारे, शिक्षक, सर्वजण मान खालीं घालून किनाऱ्यावर हिंडतांना दिसतात. बहुतेकांस मेंढ्याच्या शिंगाप्रमाणें वळलेले अमोनाइट नांवाचे शंख मिळतात. त्यांपैकीं कांहीं सोनामुखीसारख्या पिवळ्या चकाकीचे असतात, परंतु ती चकाकी लोहगंधकाची आहे, सोन्याची नव्हे. सुटे पडलेले दगड उचलण्यास हरकत नाहीं. कड्यास हातोडा लावूं नये. ओहोटी लागल्यावर निघावें आणि भरती फिरण्यापूर्वीं परत यावें, नाहींतर मागें कडा व पुढें पाणी अशी अवस्था होते.

हे नियम किती खरे आहेत हें मेरी ॲनिंग हिच्या चरित्रावरून दिसतें. ही १७९९ सालीं लाइम रीजिस येथें एका गरीब सुताराच्या घरीं जन्मली. बाप १८१० सालीं कर्ज मागें ठेवून वारला. त्यानंतर किनाऱ्यावरचे हे दगड वेंचून प्रवाशांस विकणें हाच त्या घराचा मोठा आधार झाला. १८११ सालीं तिच्या भावास एका विचित्र प्राण्याचें डोकें सांपडलें व पुढल्या वर्षीं मेरीनें बाकीचा सांगाडा शोधून काढला. तो इक्थिओसॉर नांवाच्या जलचराचा होता. तो २३ पौंडांस विकला गेला. १८२३ सालीं तिनें प्लेसिओसॉरचा संपूर्ण सांगाडा शोधला. हें सर्व काम ती मुख्यतः हिंवाळ्यांत, दरडींच्या पायथ्याशीं उभी राहून करी. १८३३ सालीं अशीच एक दरड कोसळली आणि तिच्या पायाशीं बसलेला ट्रे नांवाचा तिचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला. ती स्वतः थोडक्यांत वांचली. तिच्या शोधांवर विद्वानांनीं निबंध वाचले. परंतु लंडनच्या भूगर्भशास्त्रीय मंडळानें स्त्रियांस सभासद करून घेण्यास १९१९ साल उजाडलें, आणि ती तर १८४७ सालींच वारली होती. तिच्या गांवीं तिचा पुतळा उभारला गेला तो २०२२ सालीं. कडा जें देतो तें ढांसळतांनाच देतो. लाभ व धोका यांचें मूळ येथें एकच आहे.

बॉक्सिंग डे म्हणजे नाताळचा दुसरा दिवस. त्या दिवशीं किनाऱ्यावरील अनेक गांवीं लोक सोंगें घेऊन ७-८ अंशांच्या पाण्यांत उड्या घेतात व त्यानिमित्तानें धर्मकार्यासाठीं वर्गणी जमवितात. याविषयीं आम्हीं अधिक लिहीत नाहीं. पाण्यांत ते अर्ध्या मिनिटाहून फारसे राहतही नाहींत.

शेवटीं फेन्स प्रांताची गोष्ट. हा वॉशच्या दक्षिणेकडील सपाट पाणथळ मुलूख. सतराव्या शतकांत व्हरमायडन नांवाच्या डच स्थापत्यकारानें येथें दोन लांब सरळ कालवे खणून त्यांच्यामध्यें सुमारें २० मैलांची अरुंद पट्टी मोकळी ठेविली. हिंवाळ्यांत नदीचें जादा पाणी हिच्यांत सोडावयाचें, म्हणजे शेतें वांचतात. हें पाणी उथळ असल्यामुळें तीनचार रात्री कडक थंडी पडली कीं गोठतें, आणि बर्फावर घसरण्याच्या शर्यती सुरू होतात. शेतें गोठलीं म्हणजे मजुरांचें काम बंद होई, म्हणून पूर्वीं या शर्यतींत बक्षीस म्हणून मांस, पाव व पीठ ठेवीत. गंमत दिसणारी ती धांव पुष्कळांस त्या दिवसाच्या जेवणासाठीं धांवावी लागे. वेलनी या खेड्यांतील ‘टर्की’ स्मार्ट आणि त्याचा पुतण्या ‘फिश’ स्मार्ट हे मजूर या शर्यतींत देशभर गाजले; १८७९ सालीं केंब्रिज येथें या खेळाची राष्ट्रीय संस्था निघाली.

अलीकडे असें बर्फ क्वचितच धरतें. कित्येक हिंवाळे एकही शर्यत न होतां जातात. पांखरांतही फरक पडला आहे. वेलनी येथें सैबेरियाहून येणारे ब्यूइक जातीचे हंस पूर्वीं मोठ्या संख्येनें उतरत. आतां युरोप खंडांतील हिंवाळाच सौम्य झाल्यामुळें त्यांतील पुष्कळांस इंग्लंडपर्यंत येण्याचें कारण उरलें नाहीं. ते वाटेंतच, पूर्वेकडे थांबतात, आणि एकंदरींत त्यांची संख्याही घटली आहे. आइसलंडचे हूपर हंस मात्र येतात. संध्याकाळीं दिवे लावून त्यांस धान्य टाकतात, आणि कांचेमागें बसलेली मंडळी त्या पांढऱ्या गर्दींतून पिवळ्या चोंचीचा तो लहानसा ब्यूइक कोठें दिसतो का, हें शोधीत असते.