रेणवीय वैद्यकाचे शिक्षण आणि बोलीचा प्रश्न

रोगाचे मूळ शरीरातील रेणूंच्या रचनेत शोधणारे शास्त्र ते रेणवीय वैद्यक होय. हिंदीत ‘अणु’ हा शब्द आपल्या ‘रेणू’च्या अर्थी रूढ असल्याने कित्येक मराठी लेखक यास ‘आण्विक’ म्हणतात. परंतु मराठीत अणू निराळा व रेणू निराळा, म्हणून ‘रेणवीय’ हेच नाव युक्त ठरते. पाचोरा, चाळीसगाव, जामनेर या भागांतील विज्ञानाचे पदवीधर जळगावच्या विद्यापीठात जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान आदी विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात. पुढे या शास्त्रात संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास प्रयोगशाळेखेरीज आणखी कोणते शिक्षण हवे, याचा विचार भाषाशास्त्राच्या बाजूने येथे करावयाचा आहे.

या शास्त्राचा आरंभ ज्या रोगापासून मानतात, तो सिकल सेल खानदेशासही परका नाही. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी या रुग्णांचे हीमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हीमोग्लोबिनाहून भिन्न असल्याचे विद्युत्‌क्षेत्रातील त्याच्या गतीवरून दाखविले, आणि यास ‘रेणवीय रोग’ असे नाव दिले. पुढे १९५७ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा भेद एकाच ॲमिनो अम्लाचा असल्याचे सिद्ध केले. हीमोग्लोबिनाच्या १४६ ॲमिनो अम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन येते. प्राणवायू कमी होताच असे रेणू एकमेकांस चिकटतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून तीव्र वेदना उत्पन्न करतात.

भाषेच्या अभ्यासकास हे नवल वाटू नये. अहिराणीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तरी अर्थ बिघडत नाही. प्रमाण मराठीत ‘काळ’चा ‘काल’ झाला की शब्दच बदलतो. जनुकातही असेच घडते. ज्या तीन अक्षरांनी हे ग्लुटामिक अम्ल सांगितले जाते, त्यांतील तिसऱ्या ठिकाणी ग्वानीनऐवजी ॲडेनीन आले, तर अर्थ तोच राहतो. मधल्या ठिकाणी ॲडेनीनऐवजी थायमीन आले, तर व्हॅलीन होते व रोग संभवतो.

भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत प्रथम आढळला. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांतही तो आहे. १ जुलै २०२३ रोजी आरंभ झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन अभियानाने २०४७ ही मुदत ठरविली असून, त्याचा पाया रक्ततपासणी व समुपदेशन हा आहे. तपासणीचे तंत्र विद्यार्थी शिकतो. समुपदेशनाचे काय?

ज्याच्या दोन जनुकांपैकी एकच सदोष आहे, त्यास आपण ‘वाहक’ म्हणतो. वास्तविक हा मनुष्य सामान्यतः निरोगी असतो. पण एसटीच्या प्रवाशास वाहक म्हणजे तिकीट देणारा, आणि आरोग्यपत्रके वाचणाऱ्यास हिवताप वाहून आणणारा डास! अशा शब्दाने निरोगी मुलीवर रोगट असल्याचा शिक्का बसला आणि ठरलेले लग्न मोडले, तर दोष रक्ताचा नव्हे, शब्दाचा होय. तसेच, आईबाप दोघेही वाहक असल्यास ‘चारांपैकी एक मूल रोगी’ असे सांगण्याची रीत आहे. ऐकणाऱ्यास वाटते, एक मूल रोगी निघाले, आता पुढची तीन सुरक्षित. वस्तुतः प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी संभव पुन्हा तितकाच, म्हणजे शेकडा २५ असतो. शेकडा ५० मूल वाहक होण्याचा व शेकडा २५ पूर्णतः दोषमुक्त असण्याचा.

ग्रिअर्सन यांनी १९०७ साली भिल्ली बोली व खानदेशी यांचा एकाच खंडात परामर्श घेतला. तथापि अहिराणी जाणणाऱ्यास पावरी आपोआप कळेल असे मात्र नव्हे. म्हणून या विषयाच्या अभ्यासक्रमात एक लहानसे प्रात्यक्षिक असावे, असे सुचवावेसे वाटते: विद्यार्थ्याने तपासणीचा निष्कर्ष ऐकणाऱ्याच्या बोलीत सांगावा, आणि त्याने काय समजून घेतले ते त्याच्याच शब्दांत परत ऐकावे. परत आलेला अर्थ बदललेला असेल, तर चूक ऐकणाऱ्याची न मानता सांगणाऱ्याने आपले वाक्य पुन्हा घडवावे. एका अक्षराच्या फरकाने रोग कसा होतो हे ज्याने अभ्यासिले, त्यास एका शब्दाचे मोल निराळे सांगावयास नको.