हिशेबात खाणारेही हवेत

समुद्राच्या मॉडेलचं संगणकावरचं गणित सुटलं की मी सगळ्यात आधी सप्टेंबरचा नकाशा उघडते. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ तेव्हा सर्वांत दूरवर पसरलेला असतो, साधारण 1 कोटी 80 लाख चौरस किलोमीटर. मॉडेलमध्ये बर्फाची कड चुकली, तर पुढच्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही.

समुद्राचं पाणी उणे 1.8 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं आणि गोठताना बहुतेक मीठ बाहेर टाकतं. ते खारट, जड पाणी खाली बुडतं. उन्हाळ्यात बर्फ वितळला की हलकं पाणी वर राहतं, ऊन मिळतं आणि वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पतिसृष्टी, भराभर वाढतं. वाढताना ते कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं.

हे सगळं गणितात बसवायला आम्ही समुद्राचे उभे-आडवे कप्पे पाडतो. प्रत्येक कप्प्यातलं तापमान, क्षारता, प्रवाह, लोह, नायट्रेट, प्लवक यांचं गणित मांडायचं, वेळ जराशी पुढे सरकवायची, पुन्हा मांडायचं. 1960च्या दशकात अमेरिकेत कर्क ब्रायन आणि मायकेल कॉक्स यांनी प्रवाहांच्या अशा गणिताचा पाया घातला. जीवसृष्टी त्यात नंतर आली. अडचण कप्प्याच्या आकाराची. एक अंशाचा कप्पा दक्षिणोत्तर 111 किलोमीटरचा, तर ध्रुवाजवळचे भोवरे कधीकधी 10 किलोमीटरहूनही लहान. ते कप्प्यात दिसतच नाहीत. त्यांचा परिणाम अंदाजाच्या सूत्राने धरावा लागतो.

जीवसृष्टीचा हिशेब त्याहून अवघड. दक्षिण महासागरात प्लवकाची वाढ लोहाअभावी अडते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी ठामपणे मांडलं. मग लोह टाकलं तर? 2009 मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘लोहाफेक्स’ प्रयोगात ते करून पाहिलं. ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून दक्षिण अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यात, 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह मिसळलं. प्लवक वाढलं, पण तिथे सिलिका कमी होती, म्हणून काचेसारखं कवच घडवणारे डायटम फोफावले नाहीत. जे वाढलं ते कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या प्राण्यांनी खाऊन टाकलं. खोल समुद्रात फारसा कार्बन गेलाच नाही.

हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. लोह आणि ऊन एवढंच धरलेलं मॉडेल भरघोस कार्बन बुडताना दाखवेल, आणि त्यावर विसंबून घेतलेला निर्णय चुकेल. म्हणून समुद्रातली प्रत्यक्ष मोजमापं, विशेषतः बर्फाखालची, आम्हाला जिवाभावाची. स्वयंचलित तरंगते फ्लोट दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोलीवरून वर येत ऑक्सिजन, नायट्रेट, आम्लता मोजतात. वर बर्फ असला तर नोंदी साठवून ठेवतात आणि मोकळं पाणी मिळाल्यावर उपग्रहाकडे धाडतात.

समुद्रात काही मिसळून हवामान सावरण्याची योजना कोणी मांडली, तर प्रत्येक नागरिकाने विचारावं: सिलिका किती आहे, खाणारे कोण आहेत, आणि हिवाळ्यात तिथे कोणी मोजलंय का?