स्पीकरचे स्पाइक आणि बैठक

स्पाइक म्हणजे स्पीकरच्या पेटीखाली बसवलेले धातूचे टोकदार पाय होत. स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलताना पेटीला उलट दिशेने धक्का बसतो. पेटी डुगडुगत असल्यास ध्वनीची स्पष्टता कमी होऊ शकते. २० किलोग्रॅमच्या पेटीचे वजन चार स्पाइकवर समान विभागल्यास प्रत्येकावर ५ किलोग्रॅम भार येतो. टोकाचे क्षेत्रफळ १ चौरस मिलिमीटर असल्यास तेथील दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे ४८० पट होतो. त्यामुळे टोक गालिच्यातून आरपार जाऊन कठीण जमिनीवर टेकते. उघड्या शहाबादी फरशीवर मात्र ओरखडे टाळण्यासाठी टोकाखाली धातूची चकती ठेवतात. जुन्या घरांतील लाकडी माळ्यावर स्पाइकमुळे कंपने फळ्यांत उतरतात. तेथे रबरी पायांवरील जड दगडी बैठक अधिक उपयुक्त ठरते.