हलायचं नाही हं!

कोल्हापूर म्हटलं की काय आठवतं? तांबडी माती, शड्डूचा आवाज, पेठापेठांतला फुटबॉल आणि मैदान डोक्यावर घेणारे प्रेक्षक. सगळी नुसती धामधूम! याच कोल्हापूरची एक मुलगी जगज्जेती झाली, आणि तीही चक्क पालथं पडून खेळायच्या खेळात.

हसू नका, खरंच सांगतेय. तिचं नाव तेजस्विनी सावंत. 2010 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या म्युनिक शहरात नेमबाजीची जागतिक स्पर्धा झाली. तिथे 50 मीटर रायफल प्रोन प्रकारात तेजस्विनीताईनं सुवर्णपदक जिंकलं. नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय महिला! या प्रकारात पालथं झोपायचं, कोपरं जमिनीला टेकवायची आणि नेम धरायचा. तेव्हा गोळ्या होत्या 60, प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त 10 गुण, म्हणजे एकूण 600. ताईला किती मिळाले? 597! त्या वेळच्या विश्वविक्रमाशी तिनं बरोबरी केली.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणणारच, “झोपून गोळ्या मारायच्या, त्यात काय मोठंसं? बांबूउडी असती तर गोष्ट वेगळी!” बरं, बांबूउडी घेऊ. रशियाच्या येलेना इसिनबायेवानं 2009 साली झ्युरिकमध्ये 5.06 मीटर उंच उडी घेऊन विश्वविक्रम केला. या खेळात सुसाट धावायचं, त्या वेगाच्या जोरावर पोल वाकवायचा आणि तो सरळ होताना त्याच्याबरोबर वर जायचं. वेग जितका जास्त, तितकं वर जाता येतं. तिथे खेळाडूला हालचाल कमवावी लागते. नेमबाजाला ती घालवावी लागते. किती घालवावी लागते? चला, हिशेबच मांडू.

लक्ष्य 50 मीटर दूर. त्याच्या मधोमध 10 गुणांचं वर्तुळ. त्याचा व्यास 10.4 मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. गोळीची जाडी 5.6 मिलिमीटर. गोळीची कड त्या वर्तुळाला नुसती टेकली तरी 10 गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून 8 मिलिमीटर सरकला तरी चालतं.

आता रायफल बघा. तिचा दस्ता खांद्यात रुतलेला आणि नळीचं टोक तिथून साधारण 1 मीटर पुढे. 50 मीटरवर 8 मिलिमीटर चालतात, तर 1 मीटरवर किती? त्रैराशिक येतं ना? 8 भागिले 50. उत्तर 0.16 मिलिमीटर! तुमच्या पट्टीवरच्या एका मिलिमीटरचे मनातल्या मनात सहा भाग करा. नळीचं टोक त्यातल्या एका भागाहून जास्त हललं की 10 गुण हुकले. ताईनं 60 गोळ्यांत फक्त 3 गुण गमावले. म्हणजे कमीत कमी 57 वेळा तिनं हे साधलं.

“मग हलायचंच नाही, झालं!” असं वाटतंय? थांबा. खुर्चीत बसा आणि एका गुडघ्यावर दुसरा पाय टाका. आता वरच्या पायाचा अंगठा नीट बघा. पाय अगदी सैल सोडा. बारीक बारीक हलतोय ना? तुम्ही हलवत नाही, तरी हलतोय. तो तुमच्या हृदयाचा ठोका! हृदय रक्त ढकलतं, गुडघ्यामागची रक्तवाहिनी उसळी घेते आणि पाय डुलतो. रायफल धरलेल्या हातातही रक्तवाहिन्या असतातच की. शिवाय श्वास घेतला की छाती वर येते, सोडला की खाली जाते. आणि छातीबरोबर नळीही.

हृदय काही बंद करता येत नाही. मग नेमबाज काय करतात? एक म्हणजे वजन स्नायूंवर कमी आणि हाडांवर जास्त टाकतात. स्नायू दमले की थरथरतात, हाडं थरथरत नाहीत. म्हणून कोपरं जमिनीला टेकलेली आणि हाताला बांधलेल्या पट्ट्यानं रायफल पेललेली. दुसरं म्हणजे जाडजूड, कडक जाकीट. त्यामुळे ठोक्याचा धक्का रायफलपर्यंत पोचेतो मंदावतो. आणि तिसरी युक्ती श्वासाची. श्वास सोडल्यावर पुढचा घेण्याआधी शरीर क्षणभर आपोआप थांबतं. तेवढ्या वेळात चाप ओढायचा, तोही दोन ठोक्यांच्या मधे. उशीर झाला, तर हट्ट न करता पुन्हा श्वास घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. फार वेळ श्वास रोखला तर डोळ्यांनाच नीट दिसेनासं होतं.

एवढं सगळं जमलं तरी गोळी नळीतून सुटल्यावर तिच्यामागे आणखी दोघं लागतात. पहिलं गुरुत्वाकर्षण. ही गोळी सेकंदाला सुमारे 330 मीटर वेगानं जाते आणि 50 मीटर अंतर साधारण 0.15 सेकंदात कापते. तुमच्या डोळ्याची पापणी लवायच्या आत! पण तेवढ्यातही ती 11-12 सेंटिमीटर खाली येते. नळी नाकासमोर सरळ रोखली, तर गोळी लक्ष्यावरच्या काळ्या वर्तुळाच्याही खाली जाईल. म्हणून नळी किंचित वर उचललेली राहील अशी नेम धरायची साधनं आधीच जुळवून ठेवतात. दुसरा वारा. तो दर मिनिटाला बदलतो. म्हणून मैदानावर छोटे झेंडे लावलेले असतात. त्यांची फडफड बघून, नेम किती सरकवायचा की वारा पडेपर्यंत थांबायचं, हे खेळाडू ठरवते.

तेजस्विनीताईनं नेमबाजीचे धडे कोल्हापुरातच जयसिंग कुसाळे यांच्याकडे गिरवले. आधी तिचा खेळ होता 10 मीटर एअर रायफलचा. हा बंद हॉलमध्ये होतो, तिथे वाऱ्याचा त्रास नाही. 2006 साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं यात दोन सुवर्णपदकं मिळवली, एक एकटीनं आणि एक अवनीत कौर सिद्धूबरोबर. पुढे ती 50 मीटरकडे वळली आणि वाऱ्याची भाषा शिकली.

म्युनिकनंतर आठ वर्षांनी, 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत, तिनं प्रोनमध्ये रौप्य जिंकलं. दुसऱ्याच दिवशी ‘थ्री पोझिशन’मध्ये सुवर्ण! यात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून, असं तिन्ही तऱ्हांनी नेम साधावा लागतो. उभं राहिल्यावर जमिनीचा आधार फक्त दोन पावलांचा, म्हणून ते सगळ्यांत कठीण. ऑलिंपिकसाठी मात्र तिला फार वाट बघावी लागली. टोकियोत ती उतरली तेव्हा तिचं वय 40 होतं. तिथे तिला 33 वा क्रमांक मिळाला. पदक हुकलं, पण चाळिशीत पहिलं ऑलिंपिक खेळायला केवढी चिकाटी लागत असेल!

कोल्हापूर तिथेच थांबलं नाही. राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तूल नेमबाजीत सुवर्ण मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावलं.

आता तुमची पाळी. रात्री खोलीत अंधार करा. समोरच्या भिंतीवर एक ठिपका काढा आणि शक्य तितक्या लांबून साध्या टॉर्चचा झोत त्यावर धरा. आधी उभं राहून हात लांब करून. मग पालथं झोपून, कोपरं टेकवून. प्रकाश कधी कमी डगमगतो? मग जिना धावत चढून-उतरून या आणि लगेच पुन्हा धरा. प्रत्येक वेळी भावंडांपैकी एकानं मोठ्यानं तीसपर्यंत आकडे मोजायचे. टॉर्च धरणाऱ्याला हसवायचा प्रयत्न केला तरी चालेल. स्पर्धेतही आजूबाजूला आवाज असतोच!