‘सावरिया’ : देखणी परीकथा आणि हरवलेली अमानत

९ नोव्हेंबर २००७ रोजी, ऐन दिवाळीत, दोन मोठे हिंदी चित्रपट एकाच दिवशी प्रदर्शित झाले. त्यांपैकी ‘ओम शांती ओम’ला तुफान गर्दी झाली. संजय लीला भन्साळी यांचा ‘सावरिया’ मात्र थोड्याच दिवसांत चित्रपटगृहांतून उतरला. रणबीर कपूर आणि सोनम कपूर या दोघांचा नायक-नायिका म्हणून हा पहिलाच चित्रपट. हॉलिवूडच्या सोनी पिक्चर्सने पैसा घातलेला हा पहिला हिंदी चित्रपट, म्हणून त्याची चर्चाही भरपूर झाली होती. समीक्षकांनी त्याला झोडपले, प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि विषय संपला.

पण चित्रपट हल्ली संपत नाहीत. ते घरातल्या टीव्हीवर, मुलांच्या मोबाइलवर पुन्हा येतात. ‘सावरिया’ ज्या कथेवर बेतला आहे ती दोस्तोयेव्हस्कीची ‘व्हाइट नाइट्स’ ही १८४८ सालची छोटी कथा अलीकडे तरुण वाचकांच्या हाती पुन्हा दिसू लागली आहे. कथा वाचलेली मुले चित्रपट शोधतात. या चित्रपटाच्या नायिकेचे नाव सकीना आहे, तिच्या प्रियकराचे नाव ईमान आहे आणि कथेचा शेवट ईदला होतो. म्हणजे ही परीकथा आपल्या घराची खूण घेऊन आलेली आहे. तिच्यात काय चांगले आहे आणि काय खटकते, हे आपल्या घरांत बोलले जावे असे आम्हांला वाटते.

कथा चार रात्रींची

एका अनामिक गावात राज नावाचा आनंदी, काहीसा भाबडा गायक येतो. गुलाबजी (राणी मुखर्जी) ही त्या गावातली बदनाम वस्तीतली बाई त्याची मैत्रीण होते आणि तीच आपल्याला ही गोष्ट सांगते. लिलिपॉप ही एकटी म्हातारी त्याला आसरा देते. तिचा मुलगा फौजेत गेला तो परत आलेला नाही. एका रात्री राजला पुलावर काळी छत्री घेऊन उभी असलेली सकीना दिसते. तो तिच्या प्रेमात पडतो. पण सकीना कुणाची तरी वाट पाहत असते. तिच्या घरी भाडेकरू म्हणून राहिलेला ईमान (सलमान खान) परत येण्याचा वादा करून गेलेला असतो. ती ईमानसाठी पत्र लिहून राजच्या हाती देते. राज ते पत्र जाळून टाकतो. शेवटी ईमान येतो, सकीना त्याच्याकडे जाते आणि राज एकटा उरतो.

जमेच्या बाजू

सर्वांत आधी डोळ्यांना जे मिळते ते सांगायला हवे. संपूर्ण चित्रपट उभारलेल्या सेटवर घेतला आहे. ओमंग कुमार यांचे कला दिग्दर्शन आणि रवी के. चंद्रन यांचे छायाचित्रण यांनी निळ्या-हिरव्या अंधारात एक गाव निर्माण केले आहे. त्यात कालवे आहेत, पूल आहेत, घड्याळाचा मनोरा आहे. हे गाव नकाशावर नाही आणि तसा दावाही नाही. लहानपणी दादी-नानीच्या गोष्टीत ‘एका शहरात’ एवढेच असायचे, तसेच हे शहर. मॉन्टी शर्मा यांचे संगीत आजही ऐकावेसे वाटते. शान यांना यातल्या गाण्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तर रणबीरला पदार्पणाचा.

दुसरी जमेची बाजू म्हणजे दोन वृद्ध अभिनेत्री. लिलिपॉपची भूमिका करणाऱ्या जोहरा सहगल तेव्हा ९५ वर्षांच्या होत्या. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटरमध्ये त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. इथे त्या पृथ्वीराजांच्या पणतूला मायेने जेवू-खाऊ घालताना दिसतात. सकीनाच्या अंध आजीच्या भूमिकेत बेगम पारा आहेत. १९४०-५० च्या दशकांत त्यांचे नाव गाजत होते. सुमारे ५० वर्षांनी त्या या चित्रपटात परतल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या चित्रपटांत म्हाताऱ्या माणसांना सहसा रडायला किंवा आशीर्वाद द्यायला बोलावतात. इथे लिलिपॉप रुसते, हसते, चिडवते. कथेतला सर्वांत जिवंत माणूस तीच आहे.

तिसरी गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. सकीनाचे घर मुस्लिम आहे आणि चित्रपटाला त्याचे काहीच विशेष वाटत नाही. हिंदी चित्रपटात मुस्लिम घर आले की एकेकाळी नवाबाची हवेली, शेरवानी आणि मुशायरा यायचा. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) आणि ‘मेरे महबूब’ (१९६३) हे त्याचे गाजलेले नमुने. पुढे पुढे मुस्लिम पात्र आले की संशय, बंदूक आणि पोलीस येऊ लागले. सकीनाचे घर यांपैकी कुठल्याच साच्यात बसत नाही. ते गालिचे विणणारे घर आहे. राज आणि सकीना यांच्यात धर्माची भिंत आहे असे कुणी म्हणत नाही, त्यावर भाषण होत नाही, मोहल्ला पेटत नाही. सकीना राजला नाही म्हणते ती केवळ तिने दुसऱ्याला शब्द दिला आहे म्हणून. मुलीच्या शब्दाला एवढी किंमत देणारी कथा आपल्या मुलींनी जरूर पाहावी.

नावांचाही विचार करण्यासारखा आहे. ‘सकीना’ म्हणजे मनाची शांती, ‘ईमान’ म्हणजे श्रद्धा. कुरआनच्या सूरह फत्‌हमधील चौथ्या आयतीत हे दोन्ही शब्द एकत्र येतात : श्रद्धावंतांच्या अंतःकरणात शांती उतरवली गेली, त्यांची श्रद्धा वाढावी म्हणून. पटकथा लिहिताना ही आयत कुणाच्या मनात होती की नाही, ते सांगणे आमचे काम नाही. पण उर्दू-अरबी शब्दांचा अर्थ जाणणाऱ्या प्रेक्षकाला हा शेवट आधीच कळतो. सकीना ईमानकडेच जाणार.

उणिवा

आता खटकणाऱ्या गोष्टी. पहिली, या गावात सूर्य उगवत नाही. दोन तास निळा अंधार पाहून डोळे थकतात आणि मनही. परीकथेत राजवाडा असतो तशी झोपडीही असते, मेजवानी असते तशी भूकही असते. सिंड्रेलाला चुलीजवळची राख आहे म्हणून तिचा राजवाड्यातला नाच आपल्याला हवासा वाटतो. ‘सावरिया’त सगळेच नाचाचे दालन आहे, राख कुठेच नाही. सकीनाच्या घरी गालिचे विणतात, पण त्या विणकामाने कुणाची बोटे दुखत नाहीत, कुणी गालिचा विकायला नेत नाही.

दुसरी उणीव ईमानची. दोस्तोयेव्हस्कीच्या कथेत भाडेकरू का जातो ते स्पष्ट आहे. तो गरीब आहे, लग्न करण्याच्या स्थितीत नाही; मॉस्कोला जाऊन वर्षभरात पायावर उभा राहीन आणि मग येईन, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. इतक्या साध्या कारणामुळे त्याच्या वाद्याला वजन येते. चित्रपटातला ईमान गूढ चेहऱ्याने येतो आणि गूढ चेहऱ्यानेच जातो. ज्या घरात मुलगी आणि अंध आजी आहे त्या घरी राहून, मोठ्यांशी निकाहचे दोन शब्दही न बोलता निघून गेलेल्या तरुणावर प्रेक्षकाने का विश्वास ठेवावा? तो परत येतो तेव्हा आपल्याला आनंद व्हायला हवा. आमच्या मनात मात्र प्रश्न उरला : एवढे दिवस होतास कुठे?

तिसरी उणीव ईदची. चित्रपटात ईदचा चंद्र आहे, त्याभोवती सुंदर चित्रित केलेले गाणे आहे. पण महिनाभराचे रोजे केल्याशिवाय चाँदरातीचा आनंद कुठून येणार? पहाटेची सहरी, कोरडा पडलेला घसा, तरावीहला जाणारी माणसे, शीरखुर्म्यासाठी चाललेली धावपळ, गरिबाच्या घरी पोचवलेला फित्रा, या सगळ्यांनी मिळून ईद होते. इथे चंद्र, मनोरे आणि ओढणी एवढेच घेतले आहे. ज्या कथेचा विषयच वाट पाहणे आहे, तिला रमजानसारखा आधार दुसरा कुठला मिळाला असता? रमजान हा महिनाच वाट पाहायला शिकवणारा. भन्साळींच्या हातात तो होता आणि त्यांनी त्याची केवळ सजावट केली.

कुटुंबासह पाहणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी अवघडवतील. एक म्हणजे टॉवेल गुंडाळून केलेले नायकाचे गाणे. दुसरी म्हणजे गुलाबजीची वस्ती. वेश्यावस्तीचे दुःख इथे रंगीत दिव्यांत इतके देखणे केले आहे की त्यातले दुःखच दिसेनासे होते. राणी मुखर्जी यांनी आपल्या अभिनयाने ते जिथे जिथे दाखवता येईल तिथे दाखवले आहे.

जळालेले पत्र

या सर्व उणिवा आम्ही एक वेळ माफ करू. पण एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे कथेचा कणाच वाकतो. ती म्हणजे राजने जाळलेले पत्र.

मूळ कथेतला स्वप्नाळू तरुणही त्या मुलीवर प्रेम करतो. तिने पत्र दिले की त्याचेही काळीज तुटते. तरी तो ते पत्र पोचवतो. त्या कथेचे सारे मोठेपण या एका कृतीत आहे. स्वतःचे सुख ज्या कागदामुळे नाहीसे होणार, तोच कागद तो इमानदारीने नेऊन देतो. १९५७ साली इटालियन दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोंती यांनी या कथेवर चित्रपट केला. त्यात नायक पत्र फाडून पाण्यात टाकतो. ‘सावरिया’ने तीच वाट धरली आणि पत्र आगीत गेले.

आपल्या भाषेत याला शब्द आहे : अमानतीत खयानत. कुरआनच्या सूरह निसामध्ये (आयत ५८) ज्याची अमानत त्याला पोचती करण्याची आज्ञा आहे. मक्केतले लोक पैगंबर मुहंमद (स.) यांचा संदेश नाकारत होते, पण आपल्या ठेवी त्यांच्याकडेच ठेवत होते. हिजरतच्या वेळी, जिवावर बेतलेले असतानाही, त्या ठेवी परत करण्यासाठी पैगंबरांनी हजरत अली (रजि.) यांना मक्केत मागे ठेवले. अमानत कुणाची आहे, ती परत केल्याने आपले किती नुकसान होईल, हा हिशेबच तिथे नाही.

राजकडून चूक झाली याला आमची हरकत नाही. प्रेमात माणूस घसरतो. हरकत अशी की चित्रपट त्या चुकीजवळ थांबत नाही. पत्र जळते, गाणे सुरू होते आणि नायक पुन्हा निरागस होतो. परीकथेत असे चालत नाही. तिथे छोटा वादा मोडला तरी राजपुत्राचा दगड होतो, आणि तो शाप भोगूनच त्याला माणूसपण परत मिळते. पत्र जाळल्याची बोच राजला जन्मभर लागली असती, सकीनाला ईमानपर्यंत पोचवण्यात त्याने ती चूक भरून काढली असती, तर शेवटचे त्याचे एकटे उभे राहणे आपल्या डोळ्यांत पाणी आणून गेले असते. आता ते फक्त सुंदर दिसते.

हे हिंदी चित्रपटाला जमत नाही असेही नाही. रणबीरचे आजोबा राज कपूर यांच्या ‘छलिया’चे (१९६०, दिग्दर्शक मनमोहन देसाई) नाते याच रशियन कथेशी जोडले जाते. फाळणीच्या गोंधळात मागे राहिलेल्या शांतीला (नूतन) लाहोरमध्ये अब्दुल रहमान हा पठाण आसरा देतो. प्राण यांनी ही भूमिका केली आहे. तो तिला बहीण मानतो, वर्षानुवर्षे तिचा चेहराही पाहत नाही. त्याची स्वतःची बहीण सरहद्दीच्या पलीकडे हरवलेली आहे. मी परक्याची बहीण जपली तर माझीही कुणीतरी जपेल, एवढाच त्याचा विश्वास. राज कपूरचा छलियाही शेवटी आपले प्रेम गिळून शांतीला तिच्या नवऱ्याच्या हवाली करतो. ‘छलिया’त ना निळा प्रकाश आहे, ना महागडा सेट. पण अमानत कशी सांभाळतात ते त्यात आहे, म्हणून तो आतून हलवतो.

मग पाहावा की नाही?

आमचे मत, पाहावा. घरातल्या मोठ्या मुलामुलींसोबत पाहावा. लहानांसाठी तो नाही. रंग, संगीत आणि दोन आजींचा अभिनय यांचा मनसोक्त आनंद घ्यावा. सकीनाच्या धीराचे कौतुक करावे. आणि पत्र जळते त्या ठिकाणी चित्रपट क्षणभर थांबवून मुलांना विचारावे : तुमच्या हाती असे पत्र कुणी दिले तर तुम्ही काय कराल? बहुतेक मुले आधी राजची बाजू घेतील, कारण राज गोड आहे. मग विचारावे : ते पत्र तुमच्या बहिणीचे असते तर?

आज पत्रे कुणी लिहीत नाही. पण मैत्रिणीने विश्वासाने पाठवलेला संदेश, मित्राने सांगितलेले गुपित, कुणाचा तरी फोटो आपल्या मुलांच्या मोबाइलमध्ये रोज येऊन पडतो. ती सारी अमानतच आहे. ती पुढे न पाठवता जपणे, आणि जिथे पोचवायची तिथेच पोचवणे, हे राजला जमले नाही. आपल्या मुलांना जमावे, एवढे बोलणे या चित्रपटाच्या निमित्ताने घरात झाले, तर त्या दोन-अडीच तासांचे चीज झाले असे आम्ही समजू.