उतरंड

मातीची भांडी एकावर एक रचून केलेल्या मांडणीस उतरंड म्हणतात. घरोघरी पत्र्याचे डबे येण्यापूर्वी मराठवाड्यातील कुटुंबे धान्य, डाळी व बियाणे उतरंडीत साठवीत. तळाशी मोठा डेरा, त्यावर त्याहून लहान मडकी आणि शेंड्यावर इवलेसे बोळके, असा तिचा क्रम असे. वरच्या भांड्याचे बूड खालच्या भांड्याच्या तोंडावर नेमके बसे व तेच त्याचे झाकण होई.

हा मेळ साधणे सोपे नव्हे. प्रत्येक मडके चाकावर स्वतंत्र घडते. ओली माती वाळताना व भाजताना आटते. ती किती आटेल, हे कुंभारास आधीच ताडावे लागते. अंदाज चुकला, तर सारी उतरंड डळमळते. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, ज्या भांड्यास मोकळी हवा मिळते ते तांबडे होते; जे धुरात कोंडते ते काळवंडते. म्हणून एकाच संचातील भांड्यांच्या रंगांत थोडा फरक आढळतो. तो दोष मानू नये.

ही कला फार जुनी आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे १९७३ साली झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन मातीची भांडी मिळाली. आज उतरंडी दुर्मीळ झाल्या आहेत. तथापि मकरसंक्रांतीस सारख्या घडणीची पाच सुगडे अजूनही आणतात. ती घेताना तोंड, पोट व बूड न्याहाळावे. बोटाने वाजवून नाद ऐकावा. भेगाळलेले सुगड बद्द वाजते. एकटे मडके कोणासही सुबक भासते; कुंभाराची खरी परीक्षा ते इतरांच्या रांगेत बसते, तेव्हाच होते.