पंचाहत्तराव्या निवडीचा हिशेब

2012 च्या एप्रिल अखेरीस न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये तीन दिवस नावे पुकारली जात होती. अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलचे, म्हणजे एनएफएलचे, 32 संघ सात फेऱ्यांमध्ये महाविद्यालयांतून बाहेर पडलेले खेळाडू निवडत होते; या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. त्या वर्षी 253 जण निवडले गेले. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्याला हा प्रकार आधी चमत्कारिक वाटतो, कारण इथे बोलीच लागत नाही. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. पाळी हेच चलन. ती दुसऱ्या संघाला देता येते, तिच्या बदल्यात दोन-तीन मागच्या पाळ्या घेता येतात, पण खेळाडूला मात्र शहर निवडता येत नाही. तिसऱ्या दिवशी शेवटचे नाव पुकारले जाताच तिथल्या क्रीडा समीक्षकांनी प्रत्येक संघाला शाळेतल्यासारख्या श्रेणी दिल्या. सिॲटल सीहॉक्सने निवडलेल्या दहा जणांबद्दल काहींनी थेट ‘एफ’ दिला, म्हणजे नापास. त्या दहांपैकी एकही जण तोवर व्यावसायिक मैदानावर एक मिनिटही खेळलेला नव्हता. 2 फेब्रुवारी 2014 रोजी याच संघाने डेन्व्हरला 43-8 असे चिरडून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, आणि नापासांची ती यादी अलीकडच्या काळातल्या उत्तम ड्राफ्टमध्ये गणली जाऊ लागली. पहिली श्रेणी चुकली हे सगळेच मान्य करतात. माझे म्हणणे असे की दुसरी श्रेणीही चुकीच्या कारणासाठी दिली गेली.

नापास करणाऱ्यांकडे कारणे नव्हती असे नाही. सीहॉक्सने पहिल्या फेरीत, पंधराव्या क्रमांकावर, ब्रूस अर्विनला घेतले. प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्यावर, धावून जाणे हे त्याचे काम, आणि बहुतेक जाणकारांच्या अंदाजात तो दुसऱ्या फेरीतला होता. दुसऱ्या फेरीत बॉबी वॅगनर हा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू, आला. तिसऱ्या फेरीत, एकूण 75 व्या क्रमांकावर, रसेल विल्सन. हा क्वार्टरबॅक पाच फूट अकरा इंचांनाही किंचित कमी. ज्या जागेवरून साडेसहा फुटांच्या भिंतीपलीकडे पाहून चेंडू फेकायचा असतो, तिथे ही उंची खुजी समजली जाई. शिवाय सीहॉक्सने महिन्याभरापूर्वीच मॅट फ्लिन नावाचा क्वार्टरबॅक मोठ्या करारावर आणून ठेवला होता. घरात नवा स्वयंपाकी ठेवल्यावर लगेच दुसऱ्याला बोलवावे, तसेच हे दिसत होते. विल्सनच्या पाच जागा आधी जॅक्सनव्हिलने ब्रायन अँगर हा पंटर, म्हणजे चेंडू लाथाडून लांब धाडणारा खेळाडू, घेतला. त्याची चेष्टा आजही होते. जॅक्सनव्हिलच्या बाजूने एवढे तरी सांगायला हवे की त्यांनी आदल्याच वर्षी दहाव्या क्रमांकावर एक क्वार्टरबॅक घेतला होता, आणि अँगर पुढे कित्येक वर्षे लीगमध्ये टिकून राहिला.

पुढची कहाणी बहुतेकांना नावांपुरती ठाऊक असते: विल्सन पहिल्याच हंगामात फ्लिनला मागे टाकून खेळू लागला, वॅगनर दहा वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या निवडक उत्तम खेळाडूंमध्ये, निवडला गेला. पण ड्राफ्टचे मूल्यमापन नावांपाशी थांबले तर त्यातला खरा व्यवहार निसटतो. सीहॉक्सची मूळ पाळी बारावी होती. ती त्यांनी फिलाडेल्फिया ईगल्सला दिली आणि बदल्यात पंधरावी, 114 वी व 172 वी पाळी घेतली. दुसऱ्या फेरीतही तेच केले. 43 वी पाळी न्यूयॉर्क जेट्सला देऊन 47 वी, 154 वी आणि 232 वी घेतली. दोनदा थोडे मागे सरकून त्यांनी चार जास्तीच्या पाळ्या जमवल्या. अशा अदलाबदलीचे दर ठरवायला डॅलस काउबॉइजने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एक कोष्टक तयार केले होते. त्यात पहिल्या पाळीला 3000 गुण, बाराव्या पाळीला 1200, पंधराव्या पाळीला 1050. पुढे सगळ्याच संघांनी ते कमी-अधिक प्रमाणात मानले. त्या कोष्टकाने मोजले तर ईगल्सबरोबरचा सौदा सीहॉक्सला साठेक गुणांच्या तोट्यात गेला. तोटा नुसता कागदावरचा नव्हता. ईगल्सनी त्या बाराव्या पाळीवर फ्लेचर कॉक्सला घेतले. तो सहा वेळा प्रो बोलला पोचला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या संघात होता. अर्विनने पहिल्या वर्षी क्वार्टरबॅकला आठ वेळा पाडले खरे, पण 2016 मध्ये तो दुसऱ्या संघात गेला. कॉक्स हातचा गेला, हे 2012 च्या कौतुकात सहसा कोणी लिहीत नाही. दुसरा सौदा मात्र फळला. जेट्सनी 43 व्या पाळीवर घेतलेला स्टीफन हिल दोनच हंगाम खेळला, आणि चार जागा मागे वॅगनर शिल्लक राहिला. 46 व्या जागेवर ईगल्सनीही लाइनबॅकरच निवडला, पण तो मायकल केंड्रिक्स. ईगल्सनी त्या क्षणी दुसरे नाव लिहिले असते तर आज सीहॉक्सच्या ‘दूरदृष्टी’बद्दल किती लिहिले गेले असते, कुणास ठाऊक.

इथे मूळ प्रश्न येतो: निवडणाऱ्याला कितपत कळत असते? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (तेच थेलर, ज्यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) या दोघांनी अनेक वर्षांच्या ड्राफ्टची आकडेवारी तपासली. एकाच जागेवर खेळणाऱ्यांपैकी आधी निवडलेला खेळाडू त्याच्या लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना 52 टक्क्यांच्या आसपास आढळली. छापा-काट्यापेक्षा दोन टक्के जास्त. याचा अर्थ निवड निव्वळ अंधारात होते असा नाही. पहिल्या फेरीतले खेळाडू सरासरीने पाचव्या फेरीतल्यांपेक्षा खूपच चांगले निघतात. पण शेजारशेजारच्या दोघांमध्ये डावे-उजवे करण्याचा जो आत्मविश्वास संघांच्या निवडीच्या खोल्यांमध्ये असतो, तो आकड्यांत दिसत नाही. टॉम ब्रेडीचे उदाहरण दरवर्षी दिले जाते, बहुतेक वेळा उलट्या बाजूने. 2000 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्याला सहाव्या फेरीत, 199 व्या क्रमांकावर घेतले. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. त्याच्या आधी इतर संघांनी सहा क्वार्टरबॅक निवडले, म्हणून इतर आंधळे आणि पेट्रियट्स डोळस असे म्हटले जाते. पण खुद्द पेट्रियट्सनीही ब्रेडीच्या आधी सहा खेळाडू घेतले होते. ब्रेडी काय होणार हे त्यांना कळले असते तर त्यांनी सहा वेळा त्याला बाजूला ठेवून दुसऱ्याचे नाव पुकारले नसते. विल्सनलाही हेच लागू पडते. सीहॉक्सच्या महाव्यवस्थापकांना, जॉन श्नायडरना, तो मनापासून आवडला होता असे मानले तरी त्यांनी आधी अर्विन आणि वॅगनर यांना घेतले आणि विल्सन 75 पर्यंत उरेल यावर भिस्त ठेवली. ज्याच्याशिवाय चालणारच नाही, त्याच्या बाबतीत असा जुगार कोणी खेळत नाही.

यावर उत्तर दिले जाते की बाजारात भाव कमी असताना जास्त पैसे कशाला मोजायचे? मुद्दा बरोबर आहे, पण तो खेळाडूबद्दलचे ज्ञान सिद्ध करत नाही. बाकीच्या 31 संघांबद्दलचा अंदाज तेवढा सिद्ध करतो. आणि अंदाज आणि ज्ञान यांतला फरक पुढच्याच वर्षी दिसला. 2013 मध्ये तेच श्नायडर, तेच प्रशिक्षक पीट कॅरोल, तीच खोली. त्यांनी पहिल्या फेरीची पाळी आणि आणखी काही पाळ्या देऊन पर्सी हार्विन हा नावाजलेला खेळाडू मिनेसोटाकडून घेतला. दीड वर्षात त्याला दुसऱ्या संघाकडे धाडावे लागले. ड्राफ्टमध्ये अकरा जण निवडले. पहिला, धावणारा क्रिस्टीन मायकल, 2015 मध्ये डॅलसला देऊन टाकला. चौथ्या फेरीतला ख्रिस हार्पर हंगाम सुरू होण्यापूर्वीच संघाबाहेर गेला. अकरांपैकी एकही पुढे प्रो बोलपर्यंत पोचला नाही. 2012 मध्ये जे डोळे तीक्ष्ण होते ते बारा महिन्यांत अधू कसे झाले? साधे उत्तर असे की डोळे दोन्ही वर्षी सारखेच होते, पदरात पडलेले दान वेगळे होते.

एक आक्षेप मात्र सहज उडवून लावता येत नाही. सीहॉक्सचा चांगला ड्राफ्ट एकटा 2012 चा नाही. 2010 मध्ये त्यांनी रसेल ओकुंग आणि अर्ल थॉमस पहिल्या फेरीत घेतले, कॅम चान्सेलर पाचव्या फेरीत, 133 वा. 2011 मध्ये के. जे. राइट चौथ्या फेरीत, रिचर्ड शेरमन पाचव्या फेरीत 154 वा, आणि माल्कम स्मिथ थेट 242 वा. हाच स्मिथ 2014 च्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सलग तीन वर्षे दान अनुकूल पडत नाही, तेव्हा काहीतरी कौशल्य असणारच. आहे, पण ते भविष्य ओळखण्याचे नाही. कॅरोल यांना बचावाच्या मागच्या फळीत उंच, लांब हातांचे खेळाडू हवे असत. शेरमन आणि चान्सेलर दोघेही सहा फूट तीन इंच. त्या काळी अशा देहयष्टीच्या कॉर्नरबॅकला, म्हणजे मागच्या फळीतल्या कडेच्या बचावपटूला, बाजारात फारशी मागणी नव्हती, कारण वेगाला जास्त किंमत होती. आपल्याला नेमके काय हवे हे ज्याला ठाऊक आहे आणि ते हवे असणारा आसपास दुसरा कोणी नाही, त्याला स्वस्तात माल मिळतो. भाजीबाजारात शेवटच्या तासाला जाणाऱ्या गृहिणीचे हे शहाणपण आहे. तिला आजची भाजी कशी बनवायची ते माहीत असते, उद्या भाव काय असेल ते नाही. 2012 चा जे. आर. स्वीझी हे दुसरे उदाहरण. महाविद्यालयात तो बचावाच्या फळीत खेळला; सीहॉक्सने सातव्या फेरीत, 225 व्या क्रमांकावर घेऊन त्याला आक्रमणाच्या फळीत गार्ड केले आणि सुपर बोलमध्ये उतरवले. ही निवड करणाऱ्यांइतकीच घडवणाऱ्या प्रशिक्षकांची कमाई, आणि ती ड्राफ्टच्या श्रेणीत धरायची की नाही यावर मतभेद होऊ शकतात. मी धरीन, कारण घडवण्याची सोय असलेल्या संघालाच अशी निवड परवडते.

राहिला पैसा. ज्याला तो गौण वाटतो त्याने 2013 चा हिशेब पाहावा. 2011 च्या कामगार करारापासून नव्या खेळाडूंचे वेतन त्यांच्या क्रमांकानुसार बांधून टाकले आहे, आणि पहिली तीन वर्षे त्यात वाढ मागता येत नाही. त्यापूर्वी, 2010 मध्ये, पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी 7 कोटी 80 लाख डॉलरचा करार मिळाला होता; पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी 2 कोटी 20 लाखांच्या आसपास. विल्सन तर तिसऱ्या फेरीतला, चार वर्षांचे मिळून सुमारे 30 लाख. 2013 मध्ये प्रत्येक संघाला वेतनावर 12 कोटी 30 लाखांची मर्यादा होती, आणि त्यात विल्सनचा वाटा 7 लाखांहून कमी. त्याच वर्षी बाल्टिमोरने जो फ्लॅको या क्वार्टरबॅकशी सहा वर्षांचा 12 कोटी डॉलरचा करार केला. उरलेल्या पैशांत सीहॉक्सने मायकल बेनेट आणि क्लिफ ॲव्हरिल यांना बोलावले, आणि त्या दोघांनी सुपर बोलमध्ये डेन्व्हरचे आक्रमण मोडून काढले. म्हणून 75 व्या पाळीचे फळ केवळ विल्सन नव्हे. विल्सनमुळे परवडलेले सगळेच त्यात धरावे लागते. उलट बाजूने, ईगल्सकडून मिळवलेल्या 114 व्या पाळीवर निवडलेला जे हॉवर्ड सीहॉक्सने एका हंगामानंतर सोडला आणि तो कॅन्सस सिटीत चांगला खेळला. पाळी जमवली, खेळाडूही बरा निवडला, पण ठेवून घेता आला नाही. हा तोटा सीहॉक्सच्याच नावावर मांडला पाहिजे.

तेव्हा निकाल देताना तीन गोष्टी पाहाव्यात: किती किमतीला किती संधी घेतल्या, त्या क्षणी दुसरे काय मिळू शकत होते, आणि हातात आलेल्याचे संघाने काय केले. पहिल्या रात्री यातले फक्त पहिले आणि अर्धे दुसरे दिसते. म्हणून त्या रात्रीची श्रेणी अगदीच निरर्थक नसते, पण ती खेळाडूंना न देता व्यवहाराला द्यावी. नुसती खेळलेल्या सामन्यांची संख्या मोजून चार वर्षांनी निकाल लावणेही धोक्याचे. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी 1995 मध्ये व्यावसायिक बास्केटबॉलच्या अभ्यासातून दाखवले होते की आधी निवडलेल्यांना, खेळ तितकाच असला तरी, जास्त वेळ मैदानावर ठेवले जाते. आपली चूक मान्य करणे संघांना जड जाते. फ्लिनवर एवढा पैसा लावल्यावरही कॅरोल यांनी विल्सनला उतरवले, आणि माझ्या मते 2012 मधला त्यांचा सर्वांत चांगला निर्णय हाच, जो ड्राफ्टच्या तीन दिवसांत घेतला गेलाच नव्हता. या मापाने सीहॉक्सचा तो ड्राफ्ट चांगला होता. बाराव्या पाळीच्या सौद्यासाठी मी गुण कापीन, 43 व्या पाळीच्या सौद्यासाठी देईन, आणि विल्सनसाठी पैकीच्या पैकी देताना ‘ओळखले’ म्हणून न देता ‘स्वस्तात शंका विकत घेतली’ म्हणून देईन.

आणि हिशेब अजून बंद झालेला नाही. मार्च 2022 मध्ये सीहॉक्सने विल्सनला डेन्व्हरकडे दिले आणि बदल्यात तीन खेळाडूंबरोबर दोन पहिल्या फेरीच्या, दोन दुसऱ्या फेरीच्या आणि एक पाचव्या फेरीची पाळी घेतली. पहिल्या दोन फेऱ्यांच्या चार पाळ्यांवर त्यांनी चार्ल्स क्रॉस, बॉये माफे, डेव्हन विदरस्पून आणि डेरिक हॉल निवडले. डेन्व्हरने विल्सनला 2024 मध्ये करारमुक्त केले. हॉलची निवड 2023 ची, आणि त्याचा चार वर्षांचा पहिला करार 2026 च्या हंगामापर्यंतचा आहे.